नौकासुरक्षा, हौशी (बेळगाव सीमाभाग)

हौसेखातर होडी, वल्ह्यांची नाव किंवा मोटारबोट बाळगणाऱ्यांनी पाण्यावर घ्यावयाची खबरदारी आणि त्यासाठीची साधने. चिकोडी, निपाणी, हुक्केरी या पट्ट्यात हा विषय समुद्राचा नसून नदी, बंधारा आणि धरणाचा आहे. किनारपट्टीवरचे भरती-ओहोटीचे आडाखे येथे लागू पडत नाहीत.

अंगाला बांधायचे तरंगसाधन येथे नवे नाही. सुकलेले भोपळे जोडून केलेली सांगड कृष्णाकाठी नदी ओलांडायला आणि पोरांना पोहायला शिकवायला वापरत. ‘सांगड घालणे’ हा वाक्प्रचार याच जोडणीतून आला. शब्दाची व्युत्पत्ती सामान्यतः संस्कृत ‘संघाट’ (लाकडांची जोडणी) अशी देतात. मल्याळम ‘चंगाडम्’ आणि पोर्तुगीज ‘जंगाडा’ हे त्याच कुळातले. बहुधा इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात, पूर्व किनाऱ्यावरील बंदरांच्या संदर्भात, लाकडे जोडून केलेल्या ‘संगर’ नावाच्या मोठ्या नौकांचा उल्लेख आहे. हा तराफा होता की दोन होड्या जखडलेली जोडनौका, याबद्दल मतभेद आहेत. मराठीत सांगड शब्दाला असलेली जोडीची छटा पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

पाच लिटर आकारमानाचा भोपळा पूर्ण बुडाला तर स्वतःचे वजन वजा जाता जवळजवळ ५० न्यूटन (सुमारे पाच किलो वजन पेलण्याइतकी) उचल देतो. हलक्या तरंगजाकिटाचा आंतरराष्ट्रीय वर्गही ५० न्यूटनचाच. पुढचे वर्ग १००, १५० व २७५ न्यूटनचे. फरक उचलीइतकाच बांधणीतही आहे. पाठीवर बांधलेला भोपळा शुद्ध हरपलेल्या माणसाला तरंगता ठेवतो, पण तोंड पाण्यात ठेवून. ५० न्यूटनचे जाकीटही माणसाला उताणे करील याची खात्री नाही. ते पोहता येणाऱ्यासाठी, काठाजवळ वापरायचे. १०० न्यूटन व त्यावरील जाकिटाची उचल छातीवर व मानेमागे एकवटलेली असल्याने ते माणसाला उताणे वळवण्यासाठी घडवलेले असते. मात्र मांड्यांमधला पट्टा न आवळल्यास जाकीट कानापर्यंत वर सरकते आणि माणूस खाली राहतो. बहुतेक हौशी नावांत जाकिटे असतात ती बसायच्या फळीखाली. तेथे ती उशीच्याच कामाची.

जाकीटही ज्याच्यापुढे हरते तो धोका बंधाऱ्याचा. भिंतीवरून पडणारे पाणी तळाशी जाते, थोड्या अंतरावर वर येते आणि त्यातले काही पृष्ठभागावरून पुन्हा भिंतीकडे वळते. या गिरकीत सापडलेली होडी व माणूस तेथेच घुसळत राहतात. वरच्या बाजूने येणाऱ्याला बंधारा दिसत नाही. पाण्यावर एक सरळ रेघ आणि पलीकडच्या झाडांचे बुंधे कापल्यासारखे, एवढेच दिसते. बरगे (बंधाऱ्याच्या गाळ्यांत पाणी अडवायला बसवलेल्या फळ्या) काढल्यावर वेगळी गत होते: गाळ्यांतून पाणी जोराने ओढते आणि आडवी झालेली होडी खांबाला चिकटते. चिकोडी तालुक्यातील कल्लोळ–येडूर बंधारा-पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातो, तेव्हा त्याच्या आसपास नाव घालणे हा निव्वळ आततायीपणा. पाणी चढायला गावात पाऊस लागत नाही. कृष्णेचे पाणी कोयना धरणाकडून येते, दूधगंगेचे काळम्मावाडी धरणाकडून, वेदगंगेचे पाटगाव धरणाकडून. धरणातून सोडलेल्या पाण्याचे (विसर्गाचे) आकडे क्युसेकमध्ये जाहीर होतात. १ क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर.

घटप्रभेवरील हिडकल धरणासारख्या जलाशयात प्रवाह जाणवत नाही, पण उन्हाळ्यात पातळी उतरली की बुडालेल्या गावांचे अवशेष पृष्ठभागाजवळ येतात. जुन्या हुन्नूरचे विठ्ठल मंदिर अशा वेळी उघडे पडते. मंदिर दिसते तरी. हातभर पाण्याखाली राहिलेली भिंत दिसत नाही आणि मोटारबोटीचा पंखा तिच्यावरच आपटतो. काठावरच्या कन्नड फलकांवरील ‘एच्चरिके’ म्हणजे इशारा आणि ‘अपाय’ म्हणजे थेट धोका, मराठीतल्यासारखी नुसती इजा नव्हे.

जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात असल्याने येथील तरींना (नदी ओलांडणाऱ्या नावांना) १८६८ चा मुंबई कायदा लागू होता. यांत्रिक नौकांसाठीच्या १९१७ च्या केंद्रीय कायद्याची जागा २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने घेतली. त्यानुसार इंजिनाच्या नौकेला तपासणी व नोंदणी लागते. बिनइंजिनाच्या होड्यांसाठी त्यात स्वतंत्र प्रकरण असून त्यांची नोंद स्थानिक पातळीवर व्हावी अशी तरतूद आहे.