ध्रुवीय गाळातला कर्ब: कुणाचा आणि किती जुना?

ओहोटीच्या वेळी ऐरोली पुलावरून ठाणे खाडीचा काळा चिखल उघडा पडलेला दिसतो. त्या चिखलात प्राणवायू फारसा पोचत नाही. त्यामुळे तिवरांचा पाला, शेवाळ आणि शहराचं सांडपाणी यांतला सेंद्रिय कर्ब पुरता न कुजता साठत जातो. ध्रुवीय समुद्रांच्या तळाशीही कर्ब साठतो, आणि तिथले थर कोट्यवधी वर्षं मागे जातात. त्यातून जुना समुद्र कसा होता हे वाचायचं, तर आधी कर्ब कुणाचा, जमिनीवरच्या झाडांचा की समुद्रातल्या जीवांचा, ते ठरवावं लागतं. खाडीतही पंचाईत तीच.

‘चॅलेंजर’ या ब्रिटिश संशोधन जहाजाने १८७४ मध्ये अंटार्क्टिक वृत्त ओलांडलं. दक्षिण महासागराच्या तळाशी डायटम या सूक्ष्म शैवालांच्या कवचांचा गाळ आहे, हे त्या मोहिमेतून कळलं. पण तेव्हा हाती येई तो वरवरचा गाळ. तळातून गाळाचं लांब, सलग नळकांडं काढणं १९४० च्या दशकात स्वीडनच्या कुलेनबर्ग यांच्या दट्ट्याच्या उपकरणामुळे जमलं.

सुरुवातीचा हिशोब सोपा होता: कर्ब जास्त म्हणजे जीवसृष्टी जास्त, बर्फ कमी. तो फार काळ टिकण्यासारखा नव्हताच, कारण कुजणं मंदावलं तरी कर्ब वाढतो. मग कर्ब-नत्र गुणोत्तर आलं. प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत, ते सहा-सातच्या आसपास असतं, जमिनीवरच्या झाडांत बहुधा २० च्या वर. कर्बाच्या समस्थानिकांवरूनही, म्हणजे त्याच्या हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरूनही, जमीन आणि समुद्र वेगळे काढता येतात. अंटार्क्टिकात मात्र ही खूण फसवते. थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो, त्यामुळे तिथल्या प्लवकांचा कर्ब जमिनीवरच्या झाडांइतकाच हलका निघतो.

खरं वळण आलं ते एकेक रेणू ओळखता येऊ लागल्यावर. १९८६ मध्ये शैवालांच्या अल्केनोन रेणूंवरून, तर २००२ मध्ये आर्किया सूक्ष्मजीवांच्या पटलातल्या मेदांवरून पाण्याचं तापमान काढायची रीत मांडली गेली. २००४ मध्ये उत्तर ध्रुवाजवळच्या लोमोनोसोव्ह पर्वतरांगेवर समुद्रतळात ४०० मीटरहून खोल छिद्र पाडलं गेलं. त्या गाळातल्या मेदांनी सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी तिथलं पाणी २३ अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याचं दाखवलं. त्यावरच्या, सुमारे ४.९ कोटी वर्षं जुन्या थरांत अझोला हे गोड्या पाण्यावर तरंगणारं नेचं सापडलं. हो, आपल्याकडे भातखाचरात सोडतात आणि गुरांना घालतात, त्याच जातकुळीतलं. म्हणजे आर्क्टिकचा वरचा थर तेव्हा बराचसा गोडा असणार.

२००७ मध्ये आर्क्टिकच्या समुद्री बर्फातल्या डायटमांचा आयपी-२५ हा रेणू बर्फाची खूण म्हणून पुढे आला. तो सापडला तर बर्फ होता, हे नक्की. नसला तर? बर्फ नव्हता, किंवा इतका जाड आणि कायमचा होता की खाली उजेडच पोचला नाही. म्हणून खुल्या पाण्यातल्या शैवालांचे रेणूही सोबत मोजतात.

वयाचा घोळ अजून मिटलेला नाही. हिमनद्या जुने खडक खरवडून त्यातला कर्ब समुद्रात आणतात. त्यामुळे अंटार्क्टिकाच्या किनारी गाळाचा अगदी वरचा थरही किरणोत्सारी कर्बावरून वय काढलं तर हजारो वर्षं जुना दिसतो. भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र २००८ पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड या आर्क्टिक द्वीपसमूहातल्या ज्या नी-ऑलेसुंड वस्तीत आहे, ती मूळची कोळसा खाणीची. शेजारच्या काँग्सफ्योर्ड या खाडीच्या गाळात त्या परिसरातला प्राचीन कोळसाही मिसळतो, आणि तो आधी वजा करावा लागतो.