‘पापी’ आणि ‘मामी’: लहान मुलांनाही मारली जाणारी हाक

स्पॅनिशमधील ‘पापी’ आणि ‘मामी’ हे शब्द केवळ प्रियकर-प्रेयसीसाठी असतात, म्हणून लहान मुलाला तशी हाक मारणे अशोभनीय आहे, हा समज गाण्यांमुळे आणि चित्रपटांमुळे बराच पसरला आहे. तो चुकीचा आहे. मूळ अर्थ ‘बाबा’ आणि ‘आई’ एवढाच. (मराठीतील पापाशी किंवा मामीशी त्यांचा संबंध नाही.) प्वेर्तो रिको, क्युबा आणि डोमिनिकन प्रजासत्ताक येथे आजी तीन वर्षांच्या नातवाला ‘वेन आका, पापी’, म्हणजे ‘इकडे ये, बाबा’, असे सहज म्हणते, आणि जेवताना कुरकुरणाऱ्या मुलीला आई ‘मामी’ म्हणून चुचकारते. हाक ठरते ती बोलणाऱ्यावरून नव्हे, तर मुलावरून: मुलगा असेल तर ‘पापी’, मुलगी असेल तर ‘मामी’. अरबी भाषक घरांत मात्र आई स्वतःचेच संबोधन उलटवून मुलगा-मुलगी दोघांनाही ‘मामा’, म्हणजे ‘आई’, म्हणते. पती-पत्नी आणि मित्रही हेच शब्द वापरतात, हे खरे; परंतु तेवढ्यावरून आजीच्या हाकेवर संशय घेणे हा त्या कुटुंबांवर अन्याय आहे. स्पेनमध्ये मुलांसाठी ‘सिएलो’ (शब्दशः ‘आकाश’) किंवा ‘कारिन्यो’ (शब्दशः ‘माया’) अधिक ऐकू येते.