शिकायला गेलेल्या पोराची भाकरी

८ जुलै २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाचा एक निर्णय निघाला. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. तोवर सवलत निम्मी होती. निर्णय चांगला आहे, त्यात दुमत नाही. पण बारावीचा निकाल लागल्यावर गावाकडच्या घरात जेवणं उरकून जी बोलणी होतात, ती फीपाशी सुरू होत असली तरी थांबतात दुसऱ्याच प्रश्नापाशी: पोरगी राहणार कुठं आणि खाणार काय?

हा प्रश्न जुना आहे. महाराष्ट्रातल्या गरिबाच्या शिक्षणाची गोष्ट आपण शाळांच्या आणि कायद्यांच्या तारखांनी सांगतो. ती भाकरीच्या बाजूने सांगितली, तर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

१८८२ साली हंटर आयोग देशातल्या शिक्षणाची चौकशी करत होता. जोतीराव फुल्यांनी आयोगाला दिलेल्या निवेदनावर १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख आहे. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हा त्यातला मुद्दा सगळ्यांना माहीत असतो. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणीही पाठ्यपुस्तकात येते. पण त्याच निवेदनात एक साधी गोष्ट आहे, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. शाळा असूनही गरिबांची मुलं येत नाहीत, कारण घरच्या दारिद्र्यामुळे जनावरं राखायला आणि शेतावर नजर ठेवायला त्यांचे हात लागतात. म्हणून नुसत्या शाळा वाढवून भागणार नाही, शिष्यवृत्त्या द्या, सहामाही आणि वार्षिक बक्षिसं द्या, असं फुल्यांनी सुचवलं. गरीब घरात दहा वर्षांच्या पोराच्या दिवसालाही मोल असतं आणि तो दिवस शाळेत गेला की घरात खोट येते. ही खोट कुणीतरी भरून द्यायला हवी, हे फुल्यांनी सरकारला इतक्या लवकर सांगून ठेवलं होतं.

त्या काळी गरीब मुलं शहरात शिकतच नव्हती असं मात्र नाही. पुण्यात ब्राह्मण घरातला एखादा निर्धन मुलगा शिकायला आला की वार लावून घ्यायचा. सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असे सात दिवसांचे सात यजमान. वार जमला नाही तर माधुकरी. त्यात अपमान होते, शिळंपाकं होतं, वाढणाऱ्याच्या कपाळावरच्या आठ्या होत्या. त्या दिवसांतून गेलेल्यांनी ते सोसणं लिहून ठेवलं आहे आणि त्याला कमी लेखण्याचं कारण नाही. पण पोटापायी त्यांची शाळा सुटली नाही, हेही तितकंच खरं. समाजाने आपल्या गरीब विद्यार्थ्याला जेवू घालण्याची एक सोय लावून ठेवली होती.

ती सोय जातीपुरती होती. कुणब्याच्या पोराला वार कोण देणार? महार-मांगाच्या मुलाला पंक्तीत बसवणं दूरच, पाणी द्यायलाही हात आखडायचे. भाड्याची खोली मिळण्याचं तर नावच नको. तेव्हा शाळेचं दार किलकिलं झालं तरी ज्या गावात ती शाळा, त्या गावात रात्र काढायला जागा नव्हती. आपल्याकडच्या शिक्षणाच्या इतिहासात मला ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पुढचं बरंचसं काम तिच्यातूनच उगवलं.

कोल्हापुरात शाहू महाराजांना हे नेमकं दिसलं. १८ एप्रिल १९०१ रोजी ‘व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग’ सुरू झालं. मग रांगच लागली: जैन, लिंगायत, मुस्लिम, दैवज्ञ, नामदेव शिंपी. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. जातवार वसतिगृहं का, असं आज कुणी विचारतं. त्या काळी वेगवेगळ्या जातींची मुलं एका चुलीवरचं खाणार नव्हती, आणि त्या त्या समाजाकडून देणगी, जागा, धान्य उभं करायचं तर आपल्या मुलांसाठी म्हणूनच ते मिळायचं. पोरं शहरात टिकली पाहिजेत, ही महाराजांची घाई होती. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं करणारा कायदा त्यांनी केला तो १९१७ साली. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. या क्रमाकडे मुद्दाम बघावं. बोर्डिंग आधी आलं आणि सक्ती सोळा वर्षांनी.

कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये भाऊराव पाटील नावाचा एक मुलगा होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला जाऊन आल्याबद्दल अंघोळ करायला सांगितल्यावर त्याने ते मानलं नाही आणि त्याला बोर्डिंग सोडावं लागलं. या मुलाने पुढे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली तिचं ठाणं साताऱ्याला हलवलं. साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका चुलीवर भाकरी भाजू लागली, एका पंक्तीत बसू लागली. कोल्हापूरच्या जातवार चुलींना दिलेलं हे उत्तर होतं, आणि ते देणारा त्याच चुलीपासून उठवलेला होता. १९२७ साली गांधीजींनी येऊन या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं.

पण नावाने पोट भरत नाही. बोर्डिंगातली पोरं जेवायची कशावर, ते बघण्यासारखं आहे. एक वाट होती मुष्टिफंडाची. घरोघरच्या बायकांनी धान्यातली एक मूठ बाजूला काढून ठेवायची आणि ती गोळा होऊन बोर्डिंगात यायची. शेतकऱ्याच्या घरातून नाणं निघत नाही, जोंधळा निघतो, हे ओळखून केलेली ती वर्गणी होती. आणि मूठही पुरली नाही तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील. अंगावरचे दागिने आधीच मोडलेले, कोठीत दाणा नाही, आणि पोरं जेवायची थांबलेली, तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं. ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की ऐकताना आपण पुढे सरकतो. क्षणभर थांबून तिचा हिशेब करावा. त्या काळच्या एका सवाष्ण बाईने मंगळसूत्र उतरवलं, आणि त्यातून आलं काय, तर बोर्डिंगातल्या पोरांचं काही दिवसांचं जेवण. पुढे १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना तिथे रुजली. पोरांनी शेतात, बांधकामावर राबायचं आणि त्यातून आपलं जेवण नि फी भागवायची.

याच काळात डॉ. आंबेडकर दुसऱ्या बाजूने तेच करत होते. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज निघालं तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्याला शिकून मग कामावर जाता यावं. वेळापत्रकातला एवढासा बदल, पण मुंबईतल्या कितीतरी कारकुनांना त्याने पदवीधर केलं. विठ्ठल रामजी शिंदे, पंजाबराव देशमुख यांचं कामही याच वाटेवरचं.

इकडे डहाणूच्या डोंगराळ भागात फुल्यांच्या गुराख्याला उत्तर मिळालं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी मुलांसाठी अंगणवाडी चालवली, थोरल्या बहिणीला वर्गात बसता यावं म्हणून धाकट्यांचं पाळणाघर शाळेलाच जोडलं, आणि गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात तेव्हा शाळाच कुरणात नेली. तिचं नावही कुरणशाळा. गुरं चरत असायची आणि झाडाखाली पाढे चालायचे. शाळेच्या वेळेत पोरानं बसावं, हा हट्ट त्यांनी सोडला. नंतरच्या किती योजनांनी हे शहाणपण दाखवलं, याचा विचार केला की मन खट्टू होतं.

१९५९ साली, महाराष्ट्र राज्य होण्याच्या आधी, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, गरिबांना जातीचा विचार न करता फीची सवलत मिळाली. हीच ती ईबीसी, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांची सवलत. वर्षाचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर फी माफ. मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या, कोकणातल्या एका अख्ख्या पिढीत घरचा पहिला पदवीधर झाला तो या सवलतीवर. एखादा निवृत्त मास्तर आजही सांगतो, ‘आम्ही ईबीसीवर शिकलो.’

फी सुटली, पण जेवण अजून घरूनच यायचं आणि तेही एसटीने. तालुक्याला खोली करून राहिलेल्या पोरांचे डबे पहाटेच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूला ठेवलेले असायचे, पितळी नाहीतर ॲल्युमिनियमचे, झाकणावर ऑइल पेंटने नाव. गाडी स्टँडवर लागली की पोरं धावत यायची. गाडी चुकली की दिवस उपाशी. महाराष्ट्रातलं कितीतरी शिक्षण या डब्यांनी केलं आहे.

ईबीसीबरोबर आणखी एक गोष्ट आली. मर्यादेच्या आत उत्पन्न आहे हे सांगायचं कुणी? उत्पन्नाच्या दाखल्याने. गरीब असणं पुरेसं राहिलं नाही, गरीब असल्याचा कागद लागू लागला. त्या काळी तो एकच कागद होता. आज जूनमध्ये कुठल्याही तालुक्याच्या सेतू केंद्रासमोर उभं राहावं. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, मग जात पडताळणी. मजुरी बुडवून आलेला बाप, त्याच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत रेशन कार्ड आणि घडी पडून फाटायला आलेला शाळा सोडल्याचा दाखला. सर्व्हर डाउन असला की उद्या या. उद्याची मजुरीही गेली.

यातली सगळ्यात जाचक अट पुराव्याची. अनुसूचित जातींना १९५० पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा जातीचा किंवा वास्तव्याचा पुरावा मागतात. हा पुरावा बहुधा कुठे सापडतो? आजोबाच्या शाळेच्या रजिस्टरात. ज्या पालावरच्या माणसाच्या घराण्यात आजवर कुणी शाळेची पायरी चढलं नाही, त्याच्या नातीला शिकण्यासाठी पणजोबाची शाळेतली नोंद आणायला सांगतात. हे लिहिताना आजही राग येतो.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. कॉलेजं जवळ आली आणि फी लांब गेली. देणगी, मॅनेजमेंट कोटा हे शब्द घरोघरी पोचले. १९९३ पासून २००५ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात एकामागून एक खटले झाले, नियम बदलत गेले. शालेय पातळीवर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत २५ टक्के जागा दिल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलले आणि जवळच सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला त्या जागांतून सूट दिली. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मुलींच्या फीमाफीचा निर्णय निघून तेव्हा अकरा दिवस झाले होते.

भाकरीची बाजू या काळात कुठे होती? १९९२ पासून दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीसाठी रोज एक रुपया भत्ता सुरू झाला. शाहू महाराजांचा एक रुपया दंडाचा होता, हा बक्षिसाचा. कल्पना फुल्यांच्या निवेदनाच्या अगदी जवळची. पण पुढची तीन दशकं तो रुपया रुपयाच राहिला. १९९५ नंतर शाळेत महिन्याला तीन किलो तांदूळ मिळू लागला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर त्याची शिजवलेली खिचडी झाली. त्या खिचडीने पट किती टिकवला, हे कुठल्याही जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी सांगतील.

बीडच्या ऊसतोड्याचं पोर मात्र खिचडीपर्यंतही पोचत नाही. दिवाळी सरली की मुकादमाची उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, कारखान्याच्या फडावर जातो आणि पोरं बैलगाडीतून त्यांच्याबरोबर. परत येईतो वार्षिक परीक्षा तोंडावर. त्यांच्यासाठी कारखान्यांजवळ साखरशाळा निघाल्या. मग पोरं गावातच आजी-आजोबांकडे राहावीत आणि त्यांना शाळेत दोन वेळचं जेवण मिळावं म्हणून हंगामी वसतिगृहं आली. २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ शासकीय वसतिगृहांची योजना झाली. कोल्हापूरच्या पहिल्या बोर्डिंगनंतर एकशेवीस वर्षांनी उत्तर तेच होतं.

वसतिगृहांत जागा पुरत नाहीत, म्हणून २०१६-१७ मध्ये अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आली. जागा देता येत नाही तर पैसे घ्या, बाहेर राहा. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,००० आणि निर्वाहाला ८,०००. बारा महिन्यांनी भागलं तर राहायला महिन्याला सोळाशे-सतराशे पडतात. पुण्यात एवढ्यात कॉट बेसिसवर जागा मिळवून दाखवावी. शिवाय हे पैसे अर्ज, छाननी, हजेरी असं सगळं होऊन मागाहून खात्यावर येतात. खोलीमालक डिपॉझिट आधी मागतो, मेसवाला महिन्याचे पैसे एक तारखेला.

त्या मधल्या महिन्यांत काय करतात, ते पेठांतल्या कुठल्याही मेसवाल्या मावशींना विचारावं. दोन मुली मिळून एकच डबा लावतात. चार पोळ्या, दोन-दोन. भाजी आधी एकीने घ्यायची, भात दुसरीने. मावशींच्या ते लक्षात आलेलं असतं. त्या डब्यात पाचवी पोळी टाकतात आणि वहीत चारच लिहितात.