ऐकणारा हात

एप्रिल २०२०, कोविडची टाळेबंदी. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत शेडना ओळीने कुलपं होती. माझ्या मित्राच्या वर्कशॉपात एरवी हायड्रॉलिकचे सुटे भाग होतात, तिथे टेबलावर एक यंत्र उभं राहिलं होतं. गाडीच्या वायपरची मोटर, लेथवर काढलेला कॅम (फिरताना हात मिटवणारी लंबगोल चकती), ॲल्युमिनियमचे दोन हात आणि त्या हातांत धरलेली ॲम्बू बॅग, म्हणजे दाबून रुग्णाला श्वास द्यायची पिशवी. मोटर फिरली की हात पिशवी दाबत, सुटले की ती आपोआप फुगे. पिशवीच्या तोंडाशी फुप्फुसाच्या जागी लावलेला फुगा वरखाली होताना बघून आम्ही दोघेही गप्प झालो. टीव्हीवर इटलीतले दवाखाने दिसत होते. आपल्याकडे व्हेंटिलेटर किती, हा प्रश्न बेळगावात घरोघरी विचारला जात होता.

ॲम्बू बॅग ही साधी पण फार हुशार वस्तू आहे. डेन्मार्कच्या हेनिंग रूबेन आणि होल्गर हेसे यांनी ती १९५६ साली आणली. दाबली की हवा रुग्णाकडे, सोडली की बाहेरची हवा आत, आणि झडप एकाच दिशेची असल्यामुळे रुग्णाचा उच्छ्वास पिशवीत परतत नाही. वीज लागत नाही. मोठ्या माणसाची पिशवी साधारण दीड लिटरची. ती यंत्राने दाबायची कल्पनाही आमची नव्हती. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठात २०१० साली विद्यार्थ्यांनी असं यंत्र केलं होतं, आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या गटाने नवी रचना सगळ्या जगासाठी खुली केली. महिंद्राच्या अभियंत्यांनीही त्याच महिन्यात साडेसात हजार रुपयांच्या आत बसेल असा नमुना दाखवला. मग उद्यमबागेत का होऊ नये? ज्या गावात ओतकामापासून बारीक मशीनिंगपर्यंत सगळं होतं, तिथे एक कॅम आणि दोन हात म्हणजे काय!

ओळखीच्या एक भूलतज्ज्ञ बाई ते बघायला आल्या. दोन मिनिटं शांतपणे बघितलं आणि म्हणाल्या, "दादा, आता त्या फुग्याला दोन-तीन रबर बँड आवळून गुंडाळा आणि परत चालू करा." मित्राने गुंडाळले. कॅम तितकाच फिरला, हात तितकेच मिटले, पण दाबाचा काटा झर्रकन वर गेला. "कोविडचं फुप्फुस असं होतं," त्या म्हणाल्या. "तुमचं यंत्र दाबतंय छान. पण त्याला फुप्फुसाचं ऐकू येत नाही."

निरोगी फुप्फुस मऊ असतं. विश्रांतीत आपण एका श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा घेतो, मिनिटाला बारा ते वीस वेळा. गंभीर कोविडमध्ये वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांत, द्रव साठतो, कित्येक कोश मिटून जातात. फुप्फुसाचा आकार तोच राहतो, पण हवा घेणारा भाग लहान मुलाच्या फुप्फुसाइतका उरतो. आता अर्धा लिटर हवा जबरदस्तीने ढकलली तर ती मिटलेल्या भागात शिरत नाही. जो थोडा चांगला भाग उरलाय तोच ताणला जातो आणि इजा पावतो. म्हणजे ज्या यंत्राने वाचवायचं, तेच मारू शकतं.

हा अंदाज नाही. २००० साली अमेरिकेत, फुप्फुसं अशीच कडक झालेल्या ८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत काहींना वजनाच्या किलोमागे १२ मिलिलिटरचा श्वास दिला, काहींना ६ मिलिलिटरचा. मोठ्या श्वासाच्या गटात ३९.८ टक्के दगावले, लहान श्वासाच्या गटात ३१ टक्के. यातलं वजन काट्यावरचं घेत नाहीत, उंचीवरून काढतात, कारण माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस वाढत नाही. साडेपाच फुटांच्या पुरुषाला या हिशेबाने एका श्वासाला पावणेचारशे मिलिलिटरच्या आसपास हवा पुरते. शिवाय फुप्फुसातला दाब ३० सेंटिमीटर उंच पाण्याच्या दाबापेक्षा वर जाऊ द्यायचा नाही.

फुगा फुगवताना पहिली फुंकर सगळ्यांत जड जाते, पुढच्या सोप्या जातात. वायुकोशाचंही तसंच. म्हणून श्वास सोडतानाही आत थोडा दाब शिल्लक ठेवावा लागतो, नाहीतर कोश प्रत्येक वेळी मिटणार आणि प्रत्येक वेळी पहिली फुंकर मारावी लागणार. नुसत्या ॲम्बू बॅगला ही सोय नसते, वेगळी झडप लावावी लागते. रुग्णाने स्वतः श्वास घ्यायची धडपड केली तर यंत्राने ती ओळखायला हवी. नळी निसटली, मुडपली, वीज गेली तर ओरडायला हवं. आणि मिनिटाला १६ श्वास म्हटले तरी दिवसाला तेवीस हजार होतात. वायपरची मोटर पावसाळ्यापुरती असते, आणि पिशवीही आठवडेच्या आठवडे दाबून घेण्यासाठी केलेली नसते.

मित्र रात्री उशिरा म्हणाला, "म्हणजे हात करणं सोपं होतं. जाणणं अवघड."

मला तेव्हा कोपनहेगन आठवलं. १९५२ साली तिथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासाला मदत करणारी सात यंत्रं होती, एक मोठी पेटी आणि छातीवर बसणारी सहा कवचं. पहिल्या तीन आठवड्यांत त्या यंत्रांवर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ गेले. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने घशात छेद देऊन नळी घातली आणि पिशवी हाताने दाबायला सांगितलं. त्यासाठी सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून, रुग्णाच्या उशाशी बसून महिनोन्महिने पिशवी दाबत राहिले. मृत्यूचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. आजचा अतिदक्षता विभाग तिथून जन्मला. त्या मुलांच्या तळव्याला कळत होतं की आज छाती कडक लागतेय, आत्ता पोरगं स्वतः श्वास घेतंय, आत्ता कफ अडकलाय. आपल्याकडेही सरकारी दवाखान्यात रात्री पिशवी दाबत बसलेले नातेवाईक ज्यांनी बघितलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

२०२० मध्ये देशाने व्हेंटिलेटर केले, हे खरं. म्हैसूरच्या स्कॅनरे कंपनीच्या साथीने भारत इलेक्ट्रॉनिक्सने तीस हजार बनवले. पण मे २०२१ मध्ये पंतप्रधानांनाच, पाठवलेले व्हेंटिलेटर बसवले का आणि चालतात का याची तपासणी करा, असं सांगावं लागलं. कारण काही ठिकाणी खोके तसेच पडून होते, चालवणारा तंत्रज्ञ नव्हता. मला ही सर्वांत दुखणारी गोष्ट वाटते. ऐकणारं यंत्र आलं तरी त्याची भाषा समजणारा माणूस लागतोच, आणि तो तीन आठवड्यांत तयार होत नाही.

दुसऱ्या लाटेत तुटवडा आला तो आणखी साध्या वस्तूचा. दवाखान्यातल्या जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला १० लिटर दिला तर तो पावणेबारा तास पुरतो. नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं हाय-फ्लो यंत्र मिनिटाला ६० लिटरपर्यंत ओढतं, आणि तोच सिलिंडर दोन तासही टिकत नाही. घट्ट बसवलेला व्हेंटिलेटर त्यामानाने काटकसरी, कारण तो रुग्णाच्या श्वासाएवढाच वायू घेतो. एप्रिल-मे २०२१ मध्ये एकाच वेळी शेकडो रुग्णांना असा प्रवाह लागला. कर्नाटकातल्या चामराजनगरच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ जण गेले, ऑक्सिजन कमी पडला होता.

आमच्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात याला आणखी एक पदर होता. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट. निपाणी-चिकोडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दवाखान्यासाठी कोल्हापूर-मिरजेला जातात. ऑक्सिजनचा कोटा मात्र राज्यवार ठरत होता, आणि कोगनोळीच्या नाक्यावर आरटी-पीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय महाराष्ट्रातून कर्नाटकात येता येत नव्हतं. आजार नाक्यावर थांबला नाही. कोल्हापूरला दाखल केलेल्या आईला बघून परतणारी लेकरं मात्र तिथे थांबली.

२२ एप्रिल २०२१ पासून केंद्राने मोजके उद्योग सोडून बाकी कारखान्यांचा ऑक्सिजन बंद केला. उद्यमबागेतली गॅस कटिंग थांबली. मित्राकडे तीन सिलिंडर होते. तो ते भरून थेट दवाखान्यात न्यायला निघाला, तेव्हा त्याच भूलतज्ज्ञ बाईंनी त्याला फोनवर थांबवलं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की ठिणगीवाचूनही आग लागू शकते, आणि वर्कशॉपात तेल नाही अशी जागा नसते. सिलिंडर आधी ऑक्सिजन प्लांटवर जायचे, आतून धुवायचे, तपासायचे, मगच वैद्यकीय वायू भरायचा. तीस वर्षं तेलात हात घातलेल्या माणसाने साबणाने तीनदा हात धुतले आणि सिलिंडर टेम्पोत चढवले.

पावसाळ्यानंतर दोन परत आले. अंग काळंच होतं, खांदे मात्र वैद्यकीय ऑक्सिजनची खूण म्हणून पांढरे रंगवलेले. त्याने ते पुन्हा काळे केले नाहीत.