जुन्या फुल सस्पेन्शन सायकलला आधी टायर बघा, शॉकअप नंतर

इंदुरात कितीतरी पार्किंगमध्ये पुढे-मागे शॉकअप असलेली (म्हणजे फुल सस्पेन्शन) जुनी २६ इंची एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, धूळ खात उभी दिसते, कुणी सेकंडहँड घेतलेली, कुणाच्या मुलाने कॉलेजात असताना चालवलेली, आणि ती परत चोरल किंवा जानापावच्या कच्च्या रस्त्याला न्यायची म्हटलं की माणूस थेट शॉकअपच्याच मागे लागतो. सील मिळत नाही, बुश मिळत नाही, मॉडेल बंद झालंय, झालं, सायकल परत कोपऱ्यात. मला मनापासून वाटतं की सुरुवात टायरपासून करावी, कारण सायकलचं पहिलं सस्पेन्शन टायरच आहे.

चाकाखाली सुपारीएवढा खडा आला तर काय होतं बघा. शॉकअपला काम करायचं तर आख्खं चाक, कॅसेट (मागच्या गिअरची दातेरी चकत्यांची चळत) आणि मागचा चिमटा (चाक धरणारी फ्रेमची मागची बाजू) असा काही किलोंचा ऐवज वर उचलला जायला हवा, त्यात आतल्या सीलचं घर्षण आधी मोडायला हवं, आणि जुन्या शॉकअपमध्ये तेल सुकून ते घर्षण चांगलंच वाढलेलं असतं, तेवढ्यात खडा मागे निघूनही जातो. टायरला मात्र खड्यापाशी असलेलं चिमूटभर रबर आत दाबायचं असतं, बस. म्हणून बारीक आणि पटापट येणारे धक्के टायर खातो, मोठे खड्डे शॉकअप खातो. १८८८ साली बेलफास्टमध्ये डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेचे टायर लावले तेही धक्के कमी व्हावेत म्हणूनच, स्प्रिंगवाल्या सायकली घरोघरी यायच्या कितीतरी आधी.

आता साईज. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. दुकानात "२६ चा टायर द्या" म्हटलं की कधीकधी २६ गुणिले १-३/८ हातात पडतो, तो साध्या सायकलचा, त्याची तार, म्हणजे रिमवर बसणारी कडा, ५९० मिलिमीटरच्या रिमवर बसते. जुन्या एमटीबीची रिम ५५९ ची. दोन्ही २६ च, पण व्यासात ३१ मिलिमीटरचा फरक, म्हणजे बसायचा प्रश्नच नाही. टायरच्या बाजूला बारीक अक्षरात ५४-५५९ असं काहीतरी कोरलेलं असतं, पहिला आकडा रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास, तो दुसरा ५५९ च पाहिजे. हल्लीच्या एमटीबी २७.५ किंवा २९ च्या असतात, त्यांचे आकडे ५८४ आणि ६२२, ते टायर कितीही भारी दिसले तरी आपल्या कामाचे नाहीत.

रुंदी किती घ्यावी? चिमट्यात मावेल तेवढी, पण मावतं की नाही हे सायकल नुसती उभी करून कळत नाही. फुल सस्पेन्शनमध्ये मागचं चाक वर येतं. शॉकअप हवेचा असेल तर हवा सोडा, स्प्रिंगचा असेल तर स्प्रिंग काढा, आणि सीट खाली दाबत न्या, चाक सगळ्यात वर आलं की टायर सीटखालच्या नळीला किंवा पुढच्या डिरेलरला (पेडलजवळचा, चेन सरकवणारा गिअरचा भाग) टेकतो का ते बघा, बाजूंनीही ५-६ मिलिमीटर जागा राहिली पाहिजे कारण जुना चिमटा वळणावर थोडा लवतो आणि चाकातही डग असतो. रिमही बघावी, त्या काळच्या रिम आतून १७ ते १९ मिलिमीटरच असायच्या, अशा रिमवर २.४ इंची टायर वळणात डुलतो. माझ्या मते पुढे २.२५ आणि मागे २.१ ही जोडी बहुतेक जुन्या सायकलींना शोभते.

रुंद टायर जड चालतो हा समज डांबरी रस्त्यावर थोडाफार खरा वाटेल, दगडधोंड्यावर अजिबात नाही. कडक टायर प्रत्येक खड्यावर सायकल आणि तुम्हाला दोघांनाही उचलतो, ती ताकद तुमच्या पायातूनच जाते. रुंद टायरला हवा कमी लागते याचं कारण साधं आहे, टायरच्या कापडावरचा ताण प्रेशर गुणिले रुंदी असा चालतो, म्हणजे ५० मिलिमीटरच्या टायरमध्ये ४० पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) जो ताण तोच ६० च्या टायरमध्ये ३३ ला येतो. आणि प्रेशर कमी म्हणजे पकड जास्त, मागच्या चाकावर ५५ किलो असतील तर ५० पीएसआयला जेमतेम १६ चौरस सेंटिमीटर रबर जमिनीला टेकतं, ३० ला साधारण २६.

पुढचा टायर मऊ रबराचा, मोठ्या बटणांचा (वर आलेल्या रबरी ठोकळ्यांचा) घ्या. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं की माणूस खाली. मऊ रबर पकडतं छान पण लवकर झिजतं आणि जड फिरतं, म्हणून मागे कडक रबर आणि बुटकी, जवळजवळ बटणं चालतात.

माळव्याची काळी माती हा वेगळाच विषय. ती बेसॉल्टपासून बनलेली, तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि लाटण्याला कणीक चिकटावी तशी टायरला थरावर थर चिकटते, शेवटी चिमट्यात ठासून चाकच थांबतं. पावसाळ्यात जायचंच असेल तर १.९५ चा, विरळ बटणांचा टायर बरा, बाजूची जागा मोकळी राहते. खरं तर ओल्या काळ्या मातीत जाऊच नये, पायवाटेचाही सत्यानाश होतो.

आणखी एक, दुकानात वर्षानुवर्षे टांगलेला टायर स्वस्त मिळाला तरी घ्यायच्या आधी अंगठ्याने बाजू वाकवून बघा. हवेतला ओझोन रबराच्या साखळ्या तोडतो, आणि ताणलेल्या जागीच भेगा पडतात. म्हणून न वापरता पंक्चर अवस्थेत उभी ठेवलेली सायकल टायर जास्त खराब करते, त्याची बाजू एकाच जागी दुमडून ताणलेली राहते. केसासारख्या भेगा आतल्या धाग्यापर्यंत गेल्या असतील तर तो टायर घाटात नकोच.

हवा अंगठ्याने दाबून नाही, गेजने मोजायची. ७० किलोच्या माणसाने ट्यूब असताना पुढे २८ आणि मागे ३२ पासून सुरू करावं, मग दर वेळी २ पीएसआय कमी करत जावं, रिम दगडाला ठक्क लागली की परत ३ वाढवावे, कारण त्यापेक्षा खाली गेलं की बेसॉल्टचा धारदार दगड ट्यूबला रिमवर चिमटतो आणि शेजारी शेजारी दोन भोकं पाडतो. मे महिन्यात सकाळी २५ डिग्रीला ३० भरलेले दुपारी उन्हात ४५ ला ३३ च्या आसपास होतात, तेव्हा मोजायचं ते निघायच्या वेळी, सावलीत.