पार्श्वभूमी : पानावरचे गणित कुठे उमटावे, कुठे नाही

चाळीसगावजवळच्या पाटणला गणिताच्या मठासाठी दान दिल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. त्या काळचे गणित बरेचसे श्लोकांत असे. इथला वाद त्या मानाने कालपरवाचा, डॉलरच्या चिन्हाचा: वेबपानावर सूत्राची खूण म्हणून ते वापरावे की नाही.

१९७८ मध्ये आलेल्या टेक्स या संगणकावर मजकूर आणि गणित जुळवायच्या प्रणालीत सूत्राच्या दोन्ही टोकांना $ लावायची पद्धत पडली. गणिताची जुळणी महाग, ही छापखान्यांची जुनी तक्रार. म्हणून पैशाचे चिन्ह. गंमत तिथेच संपली असती, पण तीच सवय पुढे वेबवर आली. १९९८ मध्ये वेबपानावर गणित लिहिण्यासाठी मॅथएमएल हे मानक ठरले, ब्राउझरांनी मात्र ते धड उचलले नाही. ती पोकळी २०१० मध्ये पहिली आवृत्ती आलेल्या मॅथजॅक्स या वेबपानात जोडायच्या प्रोग्रामने भरली. पान उघडले की ते सगळा मजकूर चाळते आणि खुणा दिसतील तिथे सूत्र मांडते.

खरा वाद एकेरी डॉलरचा, म्हणजे सूत्राच्या दोन्ही टोकांना एकेकच $ लावण्याचा. मॅथजॅक्सने तो मुळात बंद ठेवला. ओळीतल्या सूत्रासाठी \( आणि \) दिले. वर्षानुवर्षे डॉलर टाइप करणारे प्राध्यापक वैतागले आणि सेटिंगमध्ये जाऊन तो चालू करू लागले. मराठी पानांसाठी तर युक्तिवाद तयारच होता: आपण रुपयात लिहितो, डॉलर येणार कुठून? रुपयाचे ₹ हे चिन्हही २०१० चेच.

हा युक्तिवाद जळगावात टिकत नाही. सोन्याचा जागतिक भाव औंसाला डॉलरमध्येच सांगतात, रावेर-यावलची केळी परदेशी जाताना पेटीचा दरही तसाच. चक्रवाढ व्याजाच्या नोट्समध्ये ‘सोने $१९०० वरून $२००० वर गेले’ असे उदाहरण घातले, की दोन डॉलरांमधला मजकूर सूत्र समजला जातो. शब्दांमधल्या जागा गायब, काना-मात्रा अक्षरापासून सुटलेल्या. एक्सेल शिकवणाऱ्यांचे हाल त्याहून वाईट, कारण $A$1 मध्ये डॉलरांची जोडी आयतीच असते. एकेरी डॉलर बंद ठेवण्याचा निर्णय बरोबरच होता. २०१४ मध्ये आलेल्या केटेक्स या तशाच प्रोग्रामच्या आपोआप मांडणी करणाऱ्या जोडणीतही तो मुळात बंदच आहे.

डॉलर चालू ठेवायचाच, तर कुंपण घालावे लागते. प्री, कोड, टेक्स्टएरिया हे टॅग, म्हणजे पानाच्या एचटीएमएलमधल्या भागांच्या खुणा, मॅथजॅक्स स्वतःहून वगळते. बाकीच्या भागाला ‘टेक्स२जॅक्स_इग्नोर’ (tex2jax_ignore) हा क्लास, म्हणजे टॅगला द्यायचे नाव, लावला की तिथले काही मांडले जात नाही, आणि त्याच्या आत ‘टेक्स२जॅक्स_प्रोसेस’ (tex2jax_process) लावलेला तुकडा पुन्हा उघडतो. पुढे ‘मॅथजॅक्स_इग्नोर’ (mathjax_ignore) अशी नावे रूढ झाली; जुनी पाने मोडू नयेत म्हणून अनेकजण सेटिंगमध्ये दोन्ही लिहून ठेवतात. बहुतेक लोक बिघडलेला परिच्छेद सापडेल तसतसा वगळत जातात. त्यापेक्षा अख्ख्या पानाला इग्नोर लावून फक्त सूत्रांचे भाग उघडावेत, विशेषतः एकाच पानावर बाजारभाव आणि बीजगणित दोन्ही असतील तर.

जानेवारी २०२३ पासून क्रोममध्ये मॅथएमएलचा आधार कायमचा आला. त्यात सूत्राला स्वतःचा टॅग असतो, त्यामुळे अंदाज बांधायची वेळच येत नाही. पण ते हाताने लिहिणे फार लांबलचक काम, म्हणून नोट्स अजून डॉलरमध्येच टाइप होतात.