यंत्र खरं बोलतं, पण पुरतं बोलतं का?

यंत्राशी संवाद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हुकूम सोडणारा माणूस येतो. बटण दाबायचं, टाइप करायचं, हल्ली तोंडाने सांगायचं. यंत्र उलट काय सांगतं, ही बाजू मात्र दुर्लक्षित राहते, आणि खरी गोम तिथेच आहे.

२८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात, अणुभट्टीतला वाढलेला दाब उतरवण्यासाठी एक झडप आपोआप उघडली. दाब कमी होताच ती मिटायला हवी होती, पण ती अडकली. नियंत्रण कक्षातला तिचा दिवा मात्र विझला. झडप बंद झाली, असं चालकांनी धरून चालणं साहजिक होतं. प्रत्यक्षात तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. तिला उघडणारा वीजप्रवाह चालू आहे की बंद, एवढंच तो सांगायचा. थोडक्यात, ‘मिट’ हा हुकूम सुटला होता. तो पाळला गेला का, याबद्दल अवाक्षर नाही! त्यात पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून जास्त धोक्याचे इशारे सुरू झाले. त्या गदारोळात नेमकं काय बिघडलंय हे कुणाला उमगणार? दोन तासांहून अधिक काळ त्या उघड्या झडपेतून अणुभट्टी थंड ठेवणारं पाणी निसटत राहिलं आणि तिचा जवळपास अर्धा गाभा, म्हणजे इंधन असलेला भाग, वितळला. चालकांच्या चुका झाल्याच, पण सगळं खापर त्यांच्या माथी मारणं मला पटत नाही.

हुकूम सुटणं आणि तो पाळला जाणं, यांतला हा फरक व्हॉट्सअॅपने नीट पाळला आहे. एक टिक म्हणजे निरोप निघाला, दोन म्हणजे समोरच्या फोनवर पोचला, निळ्या झाल्या म्हणजे उघडला गेला.

उत्तर वेळेवर येणंही तितकंच महत्त्वाचं. साधारण ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो. १० सेकंद लोटले की लक्ष उडतं. लिफ्टचं बटण दाबल्यावर दिवा लागला नाही, तर आपण ते पुन्हापुन्हा दाबतो ते उगाच नाही.

आणि उत्तर दिव्यातून किंवा आवाजातूनच यावं असंही नाही. अनेक विमानांत, पंखांची उचल धरून ठेवण्याची क्षमता संपत आली की वैमानिकाच्या हातातला दांडाच थरथरू लागतो. डोळे आणि कान शंभर गोष्टींत गुंतलेले असले, तरी हाताला ते कळल्याशिवाय राहत नाही.